सरंगा मागितला आणि पापलेट हातात आलं – मासे ओळखायचे तरी कसे?

नळस्टॉपची_सून
नमस्कार मंडळी. माझं माहेर पुण्यातलंच, घरात मासे कधी शिजलेच नाहीत. लग्नानंतर मालवणकडच्या घरात आले आणि गेल्या अकरा वर्षांत मासे खायला, करायला शिकले, पण आणायचं काम कायम सासऱ्यांचं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना दर रविवारी सकाळी सातच्या आत गणेश पेठेच्या मासळी बाजारात हजर असायचे, स्वतःची पिशवी, स्वतःचा डबा, ठरलेल्या मावशी. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आता मी जातीये.

गेल्या रविवारी नाना म्हणाले सरंगा आण. मी मावशींना विचारलं सरंगा आहे का, त्यांनी बर्फातून मोठं चंदेरी पापलेट काढून दिलं. चांगलंच महाग होतं तरी घेतलं. नाना काही बोलले नाहीत, नीट जेवले. संध्याकाळी चहा पिताना हळूच म्हणाले, "अगो, सरंगो काळो असता." मला इतकं वाईट वाटलं. महिनाभर पथ्याचं खाऊन माणसाने एक मासा मागितला होता.

त्याच दिवशी रावस म्हणून तुकडे आणले होते, ते बघून नाना म्हणाले हा दाढा असावा, पण डोकं नाही म्हणून सांगता येत नाही. आता पेपरात दर आठवड्याला मासळीचे भाव येतात ते वाचतीये, खोल समुद्रातली, खाडीची, नदीची असे तीन भाग असतात, त्यात कापरी, भिला, नगली, वाम अशी नावं, अर्ध्याहून जास्त कळत नाहीत. मला हे नीट शिकायचंय. ताजा मासा कसा ओळखायचा ते माहितीये (डोळे, कल्ले, बोटाने दाबून बघणं), मला कोणता मासा ते ओळखायचंय. सुरुवात कुठून करू?

मालवणी_वहिनी
नाना बरोबर आहेत गं! आमच्या मालवण-देवगडात सरंगा म्हणजे हलवाच. काळपट, जाड, चवीला पापलेटपेक्षा भारी. पुण्यात मागताना हलवा म्हणायचं, मग चूक होणार नाही. नानांना माझा नमस्कार सांग.

वसईवाला
थांबा थांबा. आमच्याकडे उत्तरेला सरंगा म्हणजे मोठं पापलेटच. आमची आजी लहान ते पापलेट आणि ताटभर मोठं ते सरंगा असंच म्हणायची. त्यामुळे त्या मावशींनी काही चुकीचं दिलं नाही, त्यांचा माल येतो तिकडचं नाव तेच असणार.

कोथरूड_३८
म्हणजे नानाही बरोबर, मावशीही बरोबर, सूनही बरोबर. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये असं एकदा तरी व्हावं 😀

जीवशास्त्र_मास्तर
धागा छान आहे. ३४ वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी मुलं मासे खाणारी आणि तरी मासा ओळखता न येणारी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हलव्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात म्हणून लोकांना वाटतं की पापलेटचाच काळा भाऊ. तसं नाही. हलवा वेगळ्या कुळातला, तो खऱ्या पापलेटांचा नातेवाईक नाहीच. हाताने तपासता येतं: शेपूट जिथे सुरू होते तिथला बारीक भाग, त्याला मी देठ म्हणतो, तिथे दोन्ही बाजूंना मधल्या रेषेवरून बोट फिरवा. हलव्याला तिथे कडक खवल्यांची खरखरीत रांग लागते. पापलेटला तिथे गुळगुळीत. डोळे मिटून सुद्धा ओळखता येईल. रंगावर जाऊ नका, बर्फात राहिलं की रंग बदलतो आणि बाजारात पिवळ्या दिव्याखाली सगळंच वेगळं दिसतं.

दुसरं, पापलेटांच्या पोटावर पर, म्हणजे पोहायचे पंख, नसतात. मोठ्या बहुतेक माशांना पोटाखाली दोन पर दिसतात, पापलेटला ते नाहीत.

नळस्टॉपची_सून
मास्तर, हे मस्तंय! बोट फिरवून बघणार. आणि कापरी म्हणजे काय मग?

वसईवाला
कापरी म्हणजे पापलेटाचीच दुसरी जात, चायनीज पॉम्फ्रेट म्हणतात ती. शेपटी बघा. साध्या पापलेटाची शेपटी खोल कापलेली, खालचं टोक वरच्यापेक्षा लांब. कापरीची शेपटी जेमतेम कापलेली, दोन्ही टोकं जवळपास सारखी, अंगाने जास्त गोल आणि जाड. कापरी महाग.

आणि भिला म्हणजे लहान पापलेट, आकाराचं नाव आहे ते, जात वेगळी नाही. इथे मला एक मनापासून सांगायचंय, भिला घेऊ नका. ती पिल्लं असतात. अंडी घालायच्या आधीच उचललेली. २०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी यापेक्षा लहान पकडू नका असा किमान आकार ठरवला. पण बाजारात टोपल्याच्या टोपल्या तळहातापेक्षा लहान पापलेटं येतातच. माझे वडील सांगायचे त्यांच्या लहानपणी किनाऱ्यावर जे पापलेट विकायला लाज वाटायची ते आज मोठं म्हणून विकतात. घेणाऱ्यांनीच थांबवलं तर काहीतरी होईल.

मालवणी_वहिनी
+१ वसईवाला. आम्ही पण सोडलं भिला घेणं.

पेठेतला_अभ्यासू
मला वाटतं हा सगळा गोंधळ स्थानिक नावांमुळे आहे. एकाच माशाला पाच नावं आणि एका नावाचे तीन मासे. शास्त्रीय नावं शिका, कुठेही जा तीच. पापलेट म्हणजे पॅम्पस अर्जेंटियस, विषय संपला.

जीवशास्त्र_मास्तर
अहो अभ्यासू, शास्त्रीय नावांचा मी भक्त आहे, पण ती पण एका जागी बसत नाहीत. वर्षानुवर्षं पुस्तकांत पॅम्पस अर्जेंटियस लिहीत आलो आणि आता जनुकीय तपासणी झाल्यावर आपल्या किनाऱ्यावरच्या पापलेटला पॅम्पस कँडिडस म्हणतात. आपली कटला माझ्या शिकवण्याच्या काळात कटला कटला होती, आता तिला रोहूच्या वंशात घालून लेबिओ कटला लिहितात. मावशीची नावं त्या मानाने जास्त टिकली.

भीमथडी
आन् मावशीला पॅम्पस मागून बघा, मग काय मिळतंय ते सांगा इथं.

मी इंदापूर तालुक्यातला, घर उजनीच्या पाण्यापासून दोन किलोमीटर. नदीच्या माशांबद्दल कुणीच बोलंना म्हणून लिहितो. पुण्यातली माणसं समुद्राचे मासे म्हंजे मासे आन् नदीचे म्हंजे चिखल असं धरून चालतात, आमचं पोट ह्याच माशावर चाललंय तवा जरा राग येतो.

बाजारात नदीचे म्हणून जे दिसतात त्यात पहिले तीन रोहू, कटला, मृगळ. तोंडं बघायची. कटलाचं डोकं अवाढव्य, शरीराच्या मानानं मोठं, आन् खालचा जबडा वर वळलेला, कारण ती वरच्या थरात खाते, मिशी नाही. रोहूचं डोकं लहान, ओठाला झालरीसारखी किनार, खवल्यांना तांबूस छटा. मृगळ लांबट, चंदेरी, तोंड खाली, ती तळाचं खाते. एका तळ्यात तिन्ही सोडतात ते म्हणूनच, एकीच्या ताटात दुसरी जात नाही. ह्या तिन्ही जाती मूळ उत्तरेच्या गंगेकडच्या हां, आपल्या भीमेच्या नाहीत, सोडल्यात. सायप्रिनसची, म्हंजे कॉमन कार्पची, पाठीवरची पर लांबच लांब आन् तोंडाला दोन जोड्या मिशा. गवत्या (ग्रास कार्प) आन् चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) चीनचे, चंदेऱ्याचा डोळा इतका खाली असतो की मासा उलटा धरल्यासारखा वाटतो.

चिलापी तर सगळ्यांना माहितीच, भिगवणला हॉटेलाबाहेर पाट्याच असतात. पण ती बी आपली नव्हं, आफ्रिकेतली, १९५२ ला भारतात आणली. ओळख सांगतो: बाकी माशांच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते ना, चिलापीची ती रेघ मधीच तुटती आन् थोडी खाली परत सुरू होती. मादी अंडी तोंडात धरून पिल्लं काढते. जाळ्यातून काढताना तोंडातून बारीक पिल्लं बाहेर सांडताना मी लहानपणी बघितल्यात, तवा आजी ती मासळी परत पाण्यात टाकायला लावायची.

फुलपाखरू७९
बापरे तोंडात पिल्लं! हे माहितीच नव्हतं. आता चिलापी खाताना विचार येणार.

कोथरूड_३८
भीमथडी, राग मानू नका पण नदीच्या माशाला मातीचा वास येतोच की. त्यावर काही उपाय?

भीमथडी
येतो, नाही म्हणत नाही, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आन् शेवाळ वाढलं की जास्त. काप करून हळद, मीठ आन् ताक लावून अर्धा तास ठेवा, मग धुवा. पोटाच्या आतला काळा पापुद्रा खरवडून काढा, तो राहिला की वास राहतो. पुण्यात सोललेला मासा देतात पण तो पापुद्रा कुणी काढत नाही.

मालवणी_वहिनी
आम्ही कोकम लावतो. कोकमाने पण जातो.

नळस्टॉपची_सून
भीमथडी, मनापासून आभार. आमच्या घरी नदीचा मासा येतच नाही, नाना हात लावत नाहीत. पण मी कटला आणून बघणार. टबात जिवंत ठेवलेले असतात ते कोणते? काळे, लांब.

भीमथडी
दोन असतात. मरळ आन् मांगूर. मरळीला खवले असतात, डोकं सापासारखं चपटं, मिशा नाहीत. मांगुराला खवला नाही, अंग बुळबुळीत आन् मिशा चार जोड्या, म्हंजे आठ. दोन्ही हवेतनं श्वास घेतात म्हणून टबात तगतात. मोठ्या मरळीच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असला तर ती वेगळी जात, तिची वाढ फार होते.

आन् मांगुराचं लक्षात ठेवा. देशी मांगूर लहान असतो. दोन-तीन किलोचा मांगूर दिसला तर तो आफ्रिकन, त्यावर बंदी आहे. आमच्याकडं शेततळ्यात लपूनछपून पाळतात, कोंबडीची घाण खायला घालतात, पूर आला की तळी फुटून नदीत जातो आन् देशी मासा खाऊन टाकतो. हल्ली जाळ्यात सकर बी यायला लागलाय, तो फिश टँकमधला काटेरी मासा, कुणीतरी घरचा सोडून दिलेला. जाळी फाडतो, खाता येत नाही, विकता येत नाही. टँकमधले मासे नदीत सोडू नका हो, पाया पडतो.

गळ_आणि_गप्पा
वाम राहिलीच. धागाकर्तीने वाम विचारलीये आणि यातही दोन प्रकार आहेत. नदीची वाम आणि समुद्राची वाम, नाव तेच, मासे पूर्ण वेगळे. नदीच्या वामीचं नाक टोकदार, सोंडेसारखं, आणि पाठीवर मोठ्या पराच्या आधी बारीक बारीक सुट्ट्या काट्यांची रांग असते, उलटा हात फिरवला तर टोचते. समुद्राच्या वामीला ते काटे नाहीत, तोंडात मात्र दातांची मोठी रांग. मी लहान असताना मुठेत खडकवासल्याच्या खाली वामी धरायचो, दगडाच्या कपारीत हात घालून. आता त्या जागी पाणी बघवत नाही.

जीवशास्त्र_मास्तर
मुठेचा विषय निघाला म्हणून, अभ्यासूंच्या मुद्द्याकडे परत येतो.

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लेख प्रसिद्ध केला. त्याने बरेचसे मासे आपल्याच भागातल्या नद्यांतून मिळवले, भीमा, घोड, मुळा-मुठा. आणि नावं कोणती दिली? भोयांनी, कोळ्यांनी जी सांगितली तीच लॅटिन करून टाकली. शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही मिस्टस सींगटी आहे. कोळस माशाचं कोलस. रोहटी हे तर अख्ख्या वंशाचं नाव झालं. घोंगवारी, ताकरी, नुक्ता, सगळी जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत. आणि महाशीर, टॉर खुद्री, त्यातलं खुद्री पण तसंच आलेलं, आणि तो मासा त्याने पहिल्यांदा नोंदवला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत. आज तिथे पुलावरून जाताना नाक दाबावं लागतं.

म्हणजे अभ्यासू, तुम्ही म्हणता ते शास्त्रीय नाव आणि बाजारातलं नाव यांत भिंत नाहीये. आपल्या शास्त्रीय नावांमध्ये कुण्या अनामिक भोई बाईचा किंवा कोळ्याचा आवाज दोनशे वर्षांपूर्वीचा बसलेला आहे.

पेठेतला_अभ्यासू
मास्तर, हे मला खरंच माहिती नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. हे नमुने कुठे बघायला मिळतात का?

जीवशास्त्र_मास्तर
आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे पश्चिम महाराष्ट्रातल्या माशांचे नमुने जपून ठेवलेले आहेत. महाशीर जिवंत बघायचा असेल तर लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवरचं महाशीर बीजकेंद्र आहे, कित्येक वर्षं तिथे पिल्लं तयार करून सोडतात. महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून कुणी धरत नाही, तिथेही आहेत. खवले एवढे मोठे की लांबून मोजता येतात.

सांगावा
नुक्ता वाचून अंगावर काटा आला. आमचे आजोबा वाईकडचे, कृष्णेत जाळं टाकायचे. एकदा मासा दाखवला होता, कपाळाच्या पुढे नाकावर शिंगासारखा उंचवटा आणि तोंड त्याच्या खाली लपलेलं. मला वाटलं आजारी आहे, गाठ आलीये. आजोबा म्हणाले हा असाच असतो. नाव विचारायचं राहिलं. आज ४० वर्षांनी कळलं.

जीवशास्त्र_मास्तर
तोच. कृष्णेच्या खोऱ्याशिवाय जगात कुठे नाही तो. आता धोक्यात आलेल्या जातींत आहे. तुम्ही पाहिलाय हे भाग्य.

विमाननगर_नाईटशिफ्ट
माझा जरा वेगळा अनुभव. एका नावाजलेल्या हॉटेलात सुरमई तवा मागवला, आला पांढराशुभ्र लिबलिबीत तुकडा, कातडी नाही, काटा नाही, चव नाही. मी विचारलं तर म्हणाले सर बोनलेस सुरमई आहे. बिल सुरमईचं लावलं. नंतर एका शेफ मित्राने फोटो बघून सांगितलं बासा आहे. तेव्हापासून बाहेर फिलेट मागवत नाही.

मालवणी_वहिनी
बासाच. व्हिएतनामकडचा नदीचा मासा, आता आंध्रात पण पाळतात. खायला वाईट नाही, पण सुरमईच्या भावाने विकणं म्हणजे चोरी. सुरमईचा तुकडा नेहमी कातडीसकट, मधल्या काट्यासकट गोल घ्यायचा. मांस घट्ट आणि जरा करडं. तुकडा गडद लाल दिसला तर कुपा, म्हणजे ट्यूना. कुपा पण छान पण त्याचं वेगळं करतात.

वसईवाला
अख्खी सुरमई मिळाली तर अंगावर बघा. उभ्या नागमोडी पट्ट्या असतील तर एक जात आणि गोल ठिपक्यांच्या रांगा असतील तर दुसरी. पट्ट्यावालीच्या अंगावरची ती रेघ, भीमथडींनी चिलापीची सांगितली ती, पाठीवरच्या दुसऱ्या पराखाली एकदम खाली घसरते. पट्ट्यावाली जास्त मोठी होते.

खराडीचा_जावई
बायको कोलकात्याची. तिला इलिश पाहिजे असतो आणि मला पाला माहिती होता, दोन वर्षं आम्ही दोघं वेगवेगळे मासे समजून भांडत होतो. एकच मासा! भिंग वेगळा, दिसायला अगदी सारखा, आमच्या मावशी भिंग पुढे करतात. दोन्हींच्या पोटाची कड करवतीसारखी धारदार असते. बायको म्हणते वास घेतला की तिला कळतं. मला नाही कळत. पण गाबोळी (अंडी) असलेला भिंग आणला की ती पण काही बोलत नाही.

फुलपाखरू७९
लहान मासे विसरलात सगळे. मांदेली सोनेरी, शेपूट निमुळती होत होत उंदराच्या शेपटीसारखी. तारली आणि पेडवे मलाही कळत नाहीत. बोंबील तर आंधळ्यालाही कळेल, हातात धरला की ओघळतो.

मुक्कामपोस्ट_रत्नांग्री
जपून राहायचे पण सांगा नव्या माणसाला. किनाऱ्यावर कुणी केंड दिला तर घेऊ नये, तोच तो फुग्यासारखा फुगणारा, विषारी असतो, आमचे खारवी जाळ्यातून काढून फेकून देतात. आणि शिंगाळ्याचे काटे, पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन, पिशवीतून सुद्धा टोचतात, मेलेल्या माशाचे पण. टोचलं तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात धरायचा, ठणका कमी होतो, मग डॉक्टरकडे. कापताना आधी ते तिन्ही काटे मोडायला सांगायचं.

गळ_आणि_गप्पा
आणि १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत जे ताजं समुद्राचं म्हणून मिळतं ते बहुतेक एकतर बर्फातलं किंवा दुसऱ्या किनाऱ्याचं. तेव्हा भीमथडींच्या माशांकडे वळावं.

भीमथडी
या की. चुलीवरची करून घालतो.

नळस्टॉपची_सून
हे सगळं मी वहीत उतरवलंय. एकच राहिलं, रावस आणि दाढा?

वसईवाला
अरे हो, मूळ प्रश्न राहिलाच. दोन्हींचं तोंड नाकाच्या खाली लपलेलं, दिसायला सख्खे भाऊ. छातीच्या पराखाली, गळ्याशी, सुट्टे दोरे असतात, मिशांसारखे पण तोंडाला नाही. ते मोजायचे. रावसला एका बाजूला चार. दाढ्याला पाच. बर्फात ते अंगाला चिकटलेले असतात, दिसत नाहीत, ओल्या बोटाने सोडवून घ्यावे लागतात. एखादा तुटलेला असू शकतो म्हणून दोन्ही बाजू मोजा. आणि डोकं कापायच्या आधी मोजा, तुकडे झाल्यावर नाना सुद्धा सांगू शकणार नाहीत.

मालवणी_वहिनी
रावसला इंडियन सॅमन म्हणतात पण सॅमनशी संबंध नाही हां, मॉलमध्ये कुणी तसं सांगितलं तर ऐकू नको.

नळस्टॉपची_सून
आज रविवार. आत्ताच जेवणं झाली, लगेच लिहितीये.

सव्वासातला पोचले. मावशींकडे आधी हलवा मागितला. त्यांनी काढून दिला, मी शेपटीच्या देठावर बोट फिरवलं, खरखर लागली! मास्तर, इतका आनंद झाला मला. मावशी बघत होत्या, म्हणाल्या काय शोधताय. मी सांगितलं गेल्या वेळी सरंगा मागितला तर पापलेट दिलंत, आमच्याकडे ह्याला सरंगा म्हणतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही मालवणचे होय, मग सांगायचं ना, ते आजोबा यायचे ते तुमचे? ते कधी नाव घ्यायचेच नाहीत, बोट दाखवायचे." आणि नानांची चौकशी केली, गुडघा कसा आहे, कधी येणार. हलव्याचे पैसे घेताना थोडे कमी घेतले.

मग रावस. शेजारच्या दुकानात मोठा मासा होता, दादा म्हणाले रावस आहे ताई, एक नंबर. मी म्हटलं डोकं राहू द्या, जरा बघू द्या. गळ्याशी पराखाली काहीच दिसेना. बोट ओलं करून बर्फाचा चुरा बाजूला केला तर पांढरे बारीक दोरे कातडीला चिकटलेले, एकेक सोडवला. एक, दोन, तीन, चार, आणि सगळ्यात शेवटी अगदी आखूड पाचवा. दुसऱ्या बाजूलाही पाच. मी म्हटलं दादा, हा दाढा आहे. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले दाढाच आहे, रावस म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही. दाढ्याच्या भावाने दिला. मी डोक्यासकट घेतला.

घरी आल्यावर नानांना ताटात ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि स्वतः मोजले. पाच. मग दुसऱ्या बाजूनेही मोजले. म्हणाले डोक्याची आमटी कर.

पुढच्या रविवारी करली हवीये म्हणालेत. ती कशी ओळखायची आणि काट्यांचं काय करायचं ते सांगा.

मालवणी_वहिनी
करली लांब, पट्टीसारखी चपटी, पाठ निळसर हिरवी, बाकी चांदीसारखी, आणि तोंडात पुढे सुळे दिसतात, ते बघ. काटे भरपूर. मावशींना सांग तिरके, अगदी जवळ जवळ काप दे, सुरी आरपार जाऊ न देता, म्हणजे बारीक काटे आतल्या आत तुटतात. शेपटीकडचा भाग नानांना देऊ नको, तिथे काटे जास्त. पोटाकडचा दे. आणि तिखट जरा जास्त लाव.